साडूंची फाइल उघडत नाही

माझ्या साडूंनी पाठवलेलं चित्र पहिल्या प्रयत्नात उघडलं, असा माणूस आमच्या सबंध गोतावळ्यात नाही. आणि गोतावळा म्हणाल तर नागपूर, काटोल, पारशिवनी धरून चांगला घसघशीत आहे. दिवाळीच्या शुभेच्छा असोत, सत्यनारायणाचं बोलावणं असो की सकाळचं नुसतं 'सुप्रभात' असो, त्यांच्याकडून जे येतं ते चित्र नसतं, फाइल असते. मोबाइलवर कोऱ्या कागदाची एक राखाडी खूण उमटते, तिच्याखाली दोन-तीन इंग्रजी अक्षरं असतात, आणि त्यावर बोट टेकवलं की फोन अत्यंत नम्रपणे कळवतो की हे उघडायची सोय माझ्याजवळ नाही. एवढं होईपर्यंत साडूंचा फोन आलेला असतो. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही, जेवणं झाली का तेही नाही. थेट, "उघडली काय?" मी नाही म्हटलं की पलीकडून एक लांब उसासा ऐकू येतो, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सोडावा तसा. मग, "काहून नाही उघडत गा भाऊ? माझ्याइथं तर उघडून राहिली." त्यांच्याइथं उघडणारच. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जगातल्या झाडून साऱ्या फायली उघडायची यंत्रसामग्री आहे. माझा फोन मुलीनं दिलेला, तो मी फोन करायला आणि आलेला फोन घ्यायला वापरतो. पण हे त्यांना सांगून उपयोग नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईंना आणि त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे आमची एकुलती एक मुलगी तीच त्यांचीही. नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारात त्यांचं साड्यांचं ठोक दुकान आहे. अंगानं किडकिडीत, उंचीनं ताडमाड, आणि शर्टाच्या खिशाला लाल दोरीनं बांधलेला पेन ड्राइव्ह, जो आंघोळीच्या वेळीसुद्धा ते खुंटीवर नजरेसमोर टांगतात असं ताई सांगतात. सगळी हयात कापडाच्या ताग्यांत गेली. डोळे मिटून नुसता पदर चिमटीत धरला तरी सूत किती आणि पॉलिस्टर किती ते सांगतील. अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरच्या नादी लागायचं काही कारण नव्हतं. पण एक पाटी आडवी आली.

दुकानावर नवी पाटी लावायची होती. साडूंच्या व्हिजिटिंग कार्डावर कमळात बसलेली लक्ष्मी होती, नखाएवढी. त्या लक्ष्मीचा मोबाइलवर फोटो काढून त्यांनी तो फ्लेक्सवाल्याला दिला आणि सांगितलं, हीच मोठी कर, दुकानाच्या रुंदीची. फ्लेक्सवाल्यानं केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या सगळ्या व्यापाऱ्यांना पेढ्यांसाठी बोलावलं, पाटीवरचा पडदा ओढला, आणि लक्ष्मी म्हणून जे काही प्रकट झालं ते नुसते चौकोन होते. गुलाबी चौकोन, पिवळे चौकोन, आणि डोळे असावेत तिथे दोन काळे चौकोन. समोरचा दुपट्टेवाला शेठ चष्मा वर करून म्हणाला, "भैया, लक्ष्मीजी के मुंह पे टाइल्स काहे लगवा दिये?" सगळी गल्ली हसली. पेढा हातात घेऊन हसली. साडूंनी फ्लेक्सवाल्याला धारेवर धरलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही फोटो दिला. वेक्टर फाइल पाहिजे होती." हा शब्द साडूंनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आम्ही सगळे तेव्हापासून तो रोज ऐकतो आहोत.

ते चक्क क्लासला जाऊ लागले. कॉलेजच्या पोरापोरींच्या घोळक्यात हा ताडमाड माणूस सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या बाकावर बसून वक्ररेषा वाकवायला शिकत होता. पोरं कंटाळून जात, हे जात नसत. शिकून झाल्यावर त्यांनी पहिलं ज्ञान मला दिलं. मी सहज दुकानात टेकलो होतो. एक पारशिवनीचं गिऱ्हाईक लग्नाच्या साड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलं होतं. साडूंनी त्याच ढिगातली एक जॉर्जेट उचलली, दोन्ही हातांत धरून खसकन ताणली, आणि मला म्हणाले, "हे पाहा भाऊ. हा फोटो. बारक्या बारक्या ठिपक्यांचा विणला आहे. ताणला का विरते." साडी खरोखरच मध्ये विरली. गिऱ्हाइकाचे डोळे पांढरे झाले. मग त्यांनी खालच्या कप्प्यातून शिंप्याचा ब्लाउज बेतायचा कागदी नमुना काढला. "आन् हे वेक्टर. याच्यात कापड हायेच कुठं? याच्यात फकस्त सांगतलं आहे का इथून निघा, इथं वळा, इथं थांबा. याच्यावरून पोरीचा झगा करा का हत्तीची झूल करा. रेघ थोडीच विरते?" मला त्या दिवशी वेक्टर म्हणजे काय ते कळलं, हे मान्य करायला हवं. पण जी साडी ताणल्यावर विरते ती घेऊन आपण काय करायचं, हे पारशिवनीच्या गिऱ्हाइकालाही कळलं, आणि ते सगळा ढीग तसाच टाकून शेजारच्या दुकानात गेलं. साडूंचं तिकडे लक्षही नव्हतं. ते मला 'वक्ररेषेला दोन कान असतात, ते पिळले का ती वळते' हे समजावून सांगत होते.

तिथून आमच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. साध्या फोटोचा त्यांना इतका तिटकारा बसला की कुणी जेपीजी म्हटलं तरी ते तोंड फिरवत. स्वतः मात्र वेक्टर फायलींच्या नाना जाती, कधी ईपीएस पाठवत, कधी सीडीआर, कधी एसव्हीजी, आणि मधूनच एआय. या शेवटच्यानं तर घोटाळाच केला. हल्ली जो तो कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलतो आहे. फोनवर खाली 'एआय' अशी अक्षरं दिसल्यावर माझ्या बायकोनं शेजारीपाजारी सांगून टाकलं की आमचे भाऊजी आता साड्या सोडून एआय करतात. शेजारच्या जोश्यांचा मुलगा नोकरीचा अर्ज घेऊन गांधीबागेत जाऊन आला. साडूंनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला, आणि तासभर वक्ररेषेचे दोन कान दाखवले.

मी माझ्या परीनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात आयुष्यभर बाबूगिरी केलेला माणूस; कागद अडला तर तो कसा सोडवायचा याच्या काही युक्त्या माझ्याजवळ असतात. फाइल ईपीएस आहे म्हणून उघडत नाही, तर मी तिचं नाव बदलून शेवटी जेपीजी असं लिहिलं. ती तरीही उघडली नाही; उलट फोन म्हणाला की फाइल खराब आहे. मी साडूंना फोन करून सुनावलं, तुमची फाइलच खराब आहे. माझी युक्ती ऐकल्यावर ते जे संतापले! "नाव बदलल्यानं कोणी बदलते काय भाऊ? उद्या मी घरावर कलेक्टर म्हणून पाटी लावली तर मले सलाम करान काय?" दुसऱ्यांदा एका ओळखीच्यानं मला सांगितलं की एसव्हीजी फाइल कॉम्प्युटरवर लिखाणाच्या साध्या खिडकीत, नोटपॅडमध्ये, उघडून पाहा. उघडली. आत चित्र नव्हतंच. आकड्यांच्या ओळीच्या ओळी, मध्ये एखादं एम, एखादं सी, पुन्हा आकडे. मी म्हटलं, साडूभाऊ, उघडली खरी, पण आत कचरा आहे. तर हा माणूस आनंदानं ओरडला, "अरे तेच तर आहे! तेच चित्र आहे! एम म्हणजे इथं पेन ठेवा, सी म्हणजे इथून वाकवा. वाचा न, वाचा मोठ्यानं!" मी फोन ठेवला. पुढे कधीतरी कळलं की ती एसव्हीजी उचलून इंटरनेट पाहायच्या खिडकीत नुसती टाकली असती तरी चित्र दिसलं असतं. इतकी साधी गोष्ट त्यांनी इतक्या फोनांमध्ये एकदाही सांगितली नव्हती. का नाही सांगितली असं विचारलं, तर म्हणाले, "हे काय सांगाले लागते?"

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका आपण करणार हे त्यांनी परस्पर जाहीर केलं. मी हातापाया पडायच्या बेतात होतो, बायको म्हणाली, "राहू द्या न जी, त्यांचीही पोरगीच आहे." पत्रिका सुंदर झाली होती, हे त्यांच्या पडद्यावर मी स्वतः पाहिलं. संत्र्याच्या फुलांची नाजूक महिरप, मधोमध गणपती, खाली मजकूर. मी फाइल घेऊन छापखान्यात गेलो, छापखान्यातल्या बाईंनी ती उघडली, आणि गणपती जागच्या जागी, फुलं जागच्या जागी, पण मजकुराच्या ठिकाणी नुसते कंस, टिंबं आणि प्रश्नचिन्हं. माझ्या मुलीच्या नावाच्या जागी एक चौकोन, एक स्वल्पविराम आणि एक डॉलरची खूण. बाई म्हणाल्या, "तुमचा फॉन्ट आमच्याकडे नाही. अक्षरं कर्व्ह करून आणा." म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करायच्या, मग कोणाकडे तो फॉन्ट असो-नसो, दिसतं तेच छापलं जातं. साडूंना हे माहीत नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं ते म्हणाले. पण एकदा कळल्यावर त्यांनी सगळी पत्रिका कर्व्ह केली, आणि पुन्हा कुणाला नको ती सुबुद्धी सुचू नये म्हणून जुनी फाइल पुसून टाकली. दुसऱ्याच दिवशी मुलाकडच्यांनी कार्यालय बदललं.

"नवीन नाव टाकून द्या," मी म्हणालो.

"आता कसं टाकता?" साडू म्हणाले. "ते आता अक्षरं नाहीत भाऊ. आकृत्या आहेत. तुम्ही 'मंगल' म्हणता तिथं आता मंगल नाही, एक वेलांटीवाणी रेघ आहे."

त्या रागात मी त्यांना बरंच बोललो. पत्रिका जुन्याच नावानं छापल्या गेल्या, कारण वेळ उरला नव्हता. मग हा माणूस दुकान बंद ठेवून आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसला आणि एकेका पत्रिकेवर नव्या कार्यालयाच्या नावाची चिकटपट्टी पट्टी-पेन्सिलीनं मोजून लावत बसला. जरा तिरकी लागली की उपटायचा, पुन्हा लावायचा. ताई बाजूला बसून पत्रिका पाकिटांत घालत होत्या. त्यांचं एक पाकीट मी उचललं, तर त्यात दोन पत्रिका. दुसरं उचललं, त्यात एकही नाही. ताई असं करणाऱ्यांतल्या नाहीत. मी बायकोकडे पाहिलं. तिनंही ते पाहिलं होतं.

लग्न पार पडलं, आणि पावसाळ्याच्या सुमारास ताईंच्या डोळ्यांचं निदान झालं. पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, डॉक्टर म्हणाले. औषधांनी सावकाश करता येईल, थांबवता येणार नाही. ताई हसतमुखानं सांगायच्या की मला सगळं दिसते, फक्त जिकडं पाहावं तेवढंच दिसत नाही. बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून त्या त्याच्या कानाकडे पाहायला लागल्या. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या मागे कुणी उभं आहे की काय, आणि तो वळून पाहायचा.

वर्षभरानं मुलीला मुलगी झाली, तिकडे बंगळुरूला. पहिला फोटो आला तो बायकोनं घरोघर पाठवला. ताईंनी मोबाइल नाकाला लावला, दूर धरला, तिरका धरला. "गोरी आहे वं," त्या बहिणीला फोनवर म्हणाल्या. बाळ मुळीच गोरं नव्हतं. बायकोनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली.

आणि त्याच आठवड्यात साडूंची फाइल आली. खाली लिहिलं होतं, 'बाळ'. उघडली नाही. मग दुसरी आली. उघडली नाही. मग तिसरी. दिवसभर हा प्रकार चालला होता आणि प्रत्येक फाइलमागे एक फोन. माझा त्या दिवशी दाढेचा ठणका होता. मी शेवटी शर्ट चढवला आणि बायकोला म्हणालो, चल, आज तुझ्या भाऊजींना मी समोरासमोर सांगतो की लोकांसारखा फोटो पाठवा, नाहीतर काही पाठवू नका. नंदनवन भागातल्या त्यांच्या घरापर्यंत मी रिक्षात वाक्यं जुळवत गेलो. फार चांगली वाक्यं होती.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत टीव्हीला कॉम्प्युटर जोडलेला, आणि सबंध पडद्यावर हळदीसारखा पिवळा रंग आणि त्यावर जाड काळ्या रेघा. पहिल्या क्षणी मला वाटलं, बाळाला कावीळ झाली की काय. ताई पडद्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसल्या होत्या आणि टीव्हीच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. साडू मागे माउस घेऊन उभे.

"आता फकस्त नाक," ते म्हणाले. चित्र मोठं होत गेलं, मोठं होत गेलं, आणि सबंध टीव्हीभर एकच रेघ उरली, वरून खाली येऊन शेवटी जरा उचललेली. चौकोन नाही, कंगोरा नाही. रेघ तशीच्या तशी स्वच्छ.

ताई डोकं या बाजूला कलवत, त्या बाजूला कलवत. पिवळ्यावर काळं म्हणजे त्यांना सगळ्यात बरं दिसतं, हे साडूंनी सगळे रंग एकेक दाखवून शोधून काढलं होतं. मग ताई एकदम म्हणाल्या, "काय जी, हे तर आमच्या आईचं नाक आहे!"

"मी कायले मनानं बनवू? फोटोत आहे तेच काढलं."

"सुनंदा, आईचं नाक आहे वं!" माझी बायको दारात उभी आहे हे त्यांना आमच्या चपलांच्या आवाजावरून कळलं असावं. बायको जाऊन त्यांच्या शेजारी खाली बसली. दोघी बहिणी त्या रेघेकडे पाहून आईबद्दल बोलायला लागल्या आणि थांबेचनात. मग ओठ झाले, मग हनुवटी, मग कानाची पाळी. फोटो मोठा करून दाखवायचा प्रयत्न साडूंनी आधी केला होता, पण मोठा केला की सगळाच गोळा व्हायचा. मग कॉम्प्युटरलाच सांगितलं की फोटोवरून आपोआप रेघा काढ. त्यानं बाळाच्या तोंडाचा संत्र्याच्या सालींचा ढीग केला. शेवटी हातानं एकेक बिंदू ठेवत त्यांनी ते काढलं होतं. हे सगळं मला ते स्वयंपाकघरात चहा टाकताना सांगत होते. मी रिक्षात जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही वापरलं नाही. एवढंच विचारलं, "मग आम्हाले काहून पाठवता? आम्हाले दिसते न फोटो."

"तुमच्याइथंही टीव्ही आहे," ते म्हणाले. "ती तुमच्याइथं आली का तिले दाखवाले पाहिजे न कोणी."

मी दुसऱ्या दिवशी जोश्यांच्या मुलाला बोलावून आमच्या टीव्हीवर त्या फायली उघडतील अशी व्यवस्था करून घेतली. त्यानंतरही साडूंनी पाठवलेल्या निम्म्या फायली उघडत नसत, कारण दर महिन्याला ते काहीतरी नवीन शिकत आणि काहीतरी जुनं बिघडवत. आमची भांडणं चालूच राहिली. पण ताई आमच्याकडे आल्या की दुपारच्या चहानंतर पिवळा पडदा लागायचा. नात बसायला लागली ती रेघ, नातीला दोन दात आले ती रेघ. ताई म्हणायच्या, "हिचे केस वाढले नाही अजून?" साडू लगेच नव्या फोटोवरून चार कुरळे वाढवून आणायचे.

मग हळूहळू फायली यायच्या बंद झाल्या. आधी मला हायसं वाटलं, ते मी लपवत नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सकाळचं सुप्रभातसुद्धा नाही. माझाच फोन नीट आहे ना म्हणून मी बायकोला दुसऱ्या खोलीतून फोन करायला लावला. शेवटी मी गांधीबागेत गेलो. साडू गल्ल्यावर बसले होते. खिशाला लाल दोरी नव्हती.

"काय पाठवलं नाही इतक्यात?" मी म्हणालो.

"कोणासाठी पाठवू?" ते म्हणाले. "आता तिले टीव्हीवर पण नाही दिसत. परवा नवीन काढून दाखवलं, सबंध पडद्याएवढा एक डोळा केला. मले म्हणे, छान आहे. तवा टीव्ही बंद होता भाऊ. मी अजून चालूच नव्हता केला." मग त्यांनी समोरची थप्पी उगाच सरळ केली आणि गिऱ्हाइकाला साडी दाखवायला लागले.

मी फार हळव्या मनाचा माणूस नाही. पण ते वाक्य घरी घेऊन आलो आणि ते काही खाली ठेवता येईना. जोश्यांनी दारावर नवी नावाची पाटी लावली होती, लाकडात खोलगट कोरलेली. येता-जाता मी तिच्यावरून बोट फिरवत असे. का ते मलाही कळत नव्हतं. एकदा फिरवता फिरवता 'जो'चा काना आणि मात्रा बोटाला लागली, आणि मी तिथंच उभा राहिलो. जोशीवहिनी दार उघडून म्हणाल्या, "काही हवंय का?" मी विचारलं, हे कुठं कोरून मिळतं?

सीताबर्डीत एका माडीवर लेझरनं लाकूड कोरून देणारं दुकान होतं. मी साडूंना न सांगता, नातीचा नवा फोटो मोबाइलमध्ये घेऊन गेलो. म्हटलं, या चेहऱ्याच्या नुसत्या रेघा लाकडात खोल कोरून पाहिजेत, बोटाला लागतील अशा. मशीनवाल्यानं फोटो पाहिला आणि मान हलवली. "काका, मशीनला फोटोतली रेघ कळत नाही. वेक्टर आणा." हा शब्द आता परक्या माणसाच्या तोंडून ऐकून मला हसावं की जिन्यावरून उडी मारावी ते समजेना. मी तिथूनच साडूंना फोन लावला.

"नातीची वेक्टर फाइल पाहिजे," मी म्हणालो. "आताच्या फोटोवरून. लाकडात कोरायची आहे. ताईंना बोटानं पाहता येईल."

पलीकडे गल्ल्याचा खण ढकलल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "रेघ किती जाड पाहिजे, विचारा त्याले." मग, "दोन रेघा जवळ आल्या तर बोटाले एकच लागन. जागा सोडा लागन मधात." मग त्यांनी मला मशीनवाल्याकडेच फोन द्यायला सांगितला, आणि ते दोघं इतका वेळ बोलले की माझ्या मागची गिऱ्हाइकं मला शिव्या द्यायला लागली.

चार दिवस ते आमचे फोन उचलत नव्हते. ताई म्हणाल्या, "काय करून राहिले कोणास ठाऊक, दिवसभर टेबलावर बोट घासत बसते हा माणूस, नुसतं खसखस ऐकू येते." पाचव्या दिवशी लाल दोरी खिशाला लावून ते स्वतः सीताबर्डीला गेले. मीही गेलो, भांडण झालं तर सोडवायला. मशीनवाल्यानं पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली. पहिल्या झटक्यात. साडूंनी माझ्याकडे पाहिलं; मी खिडकीबाहेर पाहिलं.

सागाची ती फळी आम्ही ताईंच्या मांडीवर ठेवली तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या हातांवर आलं होतं. कसली फळी, त्यांनी विचारलं. साडूंनी त्यांची तर्जनी धरून कपाळाच्या वरच्या टोकाशी नेऊन ठेवली आणि सोडून दिली. मग नेहमीसारखे मागे जाऊन उभे राहिले. बोट कपाळावरून उतरलं, भुवईशी थबकलं, नाकावरून खाली आलं आणि शेवटी जरा उचललं गेलं. मग बोट पुन्हा वर गेलं आणि पुन्हा तेच नाक उतरलं.

"गाल उतरले वं पोरीचे," त्या म्हणाल्या. "चालायला लागली असन. चालायला लागली का उतरतेच." मग बोट डाव्या गालावर आलं आणि तिथं अडखळलं. "हे काय आहे जी? इथं एवढीशी रेघ आली."

"खळी आहे," साडू म्हणाले. "हसली का पडते."

"आधी नव्हती."

"आता पडते."

ताईंनी त्या एवढ्याशा रेघेवरून बोट मागे-पुढे फिरवलं, मग चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवला, किंचित माझ्या कानाकडे, सवयीनं. "तुम्हाले तर रोज फोटो येते भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्हाले दिसली असन न कवाच?"

मुलीनं पाठवलेले ढीगभर फोटो माझ्या खिशात होते. त्यांतल्या एकातही मी ती खळी पाहिली नव्हती.

"हाव," मी म्हणालो. "दिसली न."